पाचवं पोतं

माझं नाव सिद्राम, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं आणि आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, तोंडी. गल्लीत मला सगळे पोतं म्हणायचे. आणि हे नाव कुणी उगीच ठेवलं नव्हतं, रीतसर वजन करून ठेवलं होतं! अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शेंगांचं दुकान होतं. दुकानात तुळईला टांगलेला मोठा काटा होता, लाकडी पारड्यांचा. एका दुपारी पोरांनी मला धरून एका पारड्यात बसवलं आणि समोरच्या पारड्यात शेंगांचं भरलेलं पोतं ठेवलं. पोतं सर्रकन वर गेलं. दुसरं टाकलं तेव्हा कुठं माझे पाय जमिनीवरून सुटले. पोरं टाळ्या पिटत नाचायला लागली, गिऱ्हाइकं हसली, आणि गादीवर बसलेले अप्पासुद्धा पोट धरून हसले. मीही हसलो. सगळ्यांच्या पुढं हसलो, आणि मग मागच्या खोलीत जाऊन पोत्यांच्या थप्पीवर पालथा पडलो. पंधरा वर्षांचा होतो. त्या तागाचा वास अजून नाकात आहे, खरं सांगतो. आज कुठं नवं गोणपाट दिसलं तरी मी रस्ता बदलतो. त्याचं कारण मात्र त्या दुपारचं नाही. ते पुढं येईल.

दुकानाच्या मागंच घर. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, तो थांबेस्तोवर शेजारच्या घाण्याची करकर सुरू व्हायची, आणि मग अव्वाचं उखळ. धप, धप, धप! शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ. कुटता कुटता शेंगदाण्याला तेल सुटायचं आणि चटणी काळपट लाल व्हायची. तो वास आला की मी झोपेतून उठून सरळ चुलीपाशी. ज्वारीच्या तीन भाकरी, त्यावर ही चटणी, चटणीत खड्डा करून गोडेतेल, वर दह्याची कवडी. ही झाली न्याहारी! आमच्या घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. अव्वा समोर बसून म्हणायची, "उण्णो मगा, उण्णो," म्हणजे खा बाळा, खा. पुरे म्हणायचं तर कानडीत 'साकु' म्हणायचं. मी कधी म्हणत नसे. अव्वाची दोन पोरं माझ्या आधी दुष्काळी तापानं गेली होती, त्यामुळं माझ्या अंगावरचं मांस ती देवाचं देणं असल्यासारखं बघायची. खांद्यावरून, दंडावरून हात फिरवायची आणि शेजारणींना सांगायची, "बगा, कसा भरलाय."

हे मी फार भराभर सांगतोय, मला ठाऊक आहे. जन्मभर कचेरीत टाइप केलं, बोटं एकदा सुटली की थांबत नाहीत. पण नरसूपाशी येऊन थांबायलाच पाहिजे.

नरसय्या आमच्या वर्गातला. तेलुगू साळ्यांचा पोरगा, काटकीसारखा. चौथीनंतर शाळा सुटली आणि बापाबरोबर मागावर बसला. त्यांच्या घरात शिरलं की अर्धी खोली मागानंच व्यापलेली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून नरसू बसलेला, वर हातानं धोटा इकडून तिकडं, खाली पायानं पावड्या आळीपाळीनं दाबायच्या. खटक-खट, खटक-खट. कमरेच्या वर काहीच नव्हता तो, पण मांड्या बघाव्यात तर दगड! ज्या पोरांनी मला पारड्यात बसवलं त्यांत तो नव्हता. उलट दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "चल बे घरी, अम्मा भात करायलीया." भात! आमच्याकडं सणाला व्हायचा. आणि त्यांच्या घरी जेवलो हे अव्वाला कळलं असतं तर तिनं मला अंगणातच आंघोळ घातली असती. म्हणूनच गेलो.

नरसूची अम्मा भात पितळी वाटीनं वाढायची. वाटी दाबून भरायची आणि ताटात पालथी घालायची. त्यावर चिंचेची आंबट आमटी. दोन वाट्या झाल्या, तिसरी घेऊन ती माझ्यापुढं थांबली. आता मला पाहिजे होता की अजून! पण भाषा येईना. आपलं मराठी कळेल म्हणून मी मान डोलवून म्हणालो, "चालू, चालू!" म्हणजे वाढत राहा. तिनं वाटी मागं घेतली. मी घाबरून जोरात म्हणालो, "चालू की!" तिनं भाताचं पातेलंच झाकलं. नरसू हसता हसता भिंतीला टेकला. त्याचा बाप, राजय्याकाका, मोठा गंभीर माणूस, त्याच्या नाकातून आमटी आली.

"आरं येड्या," नरसू म्हणाला, "आमच्यात चालु म्हंजी पुरे! बास!"

मग अम्मालाही कळलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि तिनं तिसरी, चौथी अशा वाट्या वाढल्या, दर वाटीला विचारायची, "चालु? चालु?" आणि मी दोन्ही हात हलवून ओरडायचो, "चालु न्हाई! चालु न्हाई!" त्या दिवसापासून त्या घरात मी चालु-सिद्राम. लिहिताना मी एक शब्द ऱ्हस्व लिहितो, एक दीर्घ. कानाला काय कळतंय! पण मला त्या दिवशी कळला तो कायमचा कळला. पुरे, साकु, चालु. एकच गोष्ट मला तीन भाषांत म्हणता येत होती आणि मी ती एकाही भाषेत म्हणत नव्हतो.

तालमीत मला नेलं ते नरसूनंच. लालाभाई वस्तादांची तालीम. ठेंगणा दरवाजा, आत काळोख, हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मुरवलेली. वस्ताद साठीचे असतील, कान कुस्तीत चुरगळलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नरसूला विचारलं, "ये क्या लाया रे? आदमी है के शेंगांका पोता?"

"पोतंच हाय वस्ताद," नरसू म्हणाला, "पन रिकामं करू की."

वस्ताद हसले. मला म्हणाले, "बेटा, भात नक्को. गूळ नक्को. शेंगा तो देखनाबी नक्को."

"मग काय खाऊ?"

"शरम खा थोडी!"

सकाळी मूठभर भिजवलेले हरभरे, दुपारी एक भाकरी, कांदा, पातळ ताक, संध्याकाळी अर्धी भाकरी आणि पालेभाजी. बस्स! शेंगांच्या दुकानात राहायचं आणि दाणा तोंडात टाकायचा नाही, हे काय असतं ते माझं मला ठाऊक. अव्वाचं उखळ सुरू झालं की मी उशी कानावर दाबून धरायचो. पहिल्या आठवड्यात अव्वा रडली, दुसऱ्यात तिनं वस्तादांना शिव्या घातल्या, तिसऱ्यात तिनं माझ्या ताकात गुपचूप लोण्याचा गोळा टाकला. मी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. तिनं तो गोळा पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "माजं अन्न नगं झालं व्हय रं तुला?"

पहिल्या दिवशी दहा जोर काढताना मी मातीत तोंडावर पडलो होतो. दिवाळीपर्यंत दोनशे निघायला लागले. मुद्गल खांद्यामागून फिरायला लागले. धोतर कमरेला दोन वेढे जास्त घ्यायला लागलं. आधी गळ्याखालची घडी गेली, मग पोटाची, आणि एके दिवशी विहिरीच्या पाण्यात वाकून पाहिलं तर गालाची हाडं. माझीच! मी तिथंच बसून हसलो. मग वस्तादांनी खुराक वाढवला, दूध, खारीक, चार बदाम, आणि सैल पडलेल्या कातड्याखाली खांदे भरायला लागले. अप्पांच्या काट्यावर आता मी स्वतःहून बसलो. पोतं आणि थोडंसं वर. काटा बघायला पोरं आली, पण हसलं कुणी नाही. हे मला फार आवडलं. कुणी हसलं नाही हे मला जरा जास्तच आवडलं, हे आज कळतंय.

आमच्या तालमीत वजनाची एक आगळी रीत होती. दोन खुंटांवर सागवानी दांडा ठेवलेला असे. खाली शिरून तो खांद्यावर घ्यायचा आणि ताठ उभं राहायचं. मग दुसऱ्यानं दांड्याच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती अडकवायची, दहा-दहा शेरांची, एक उजवीकडं, एक डावीकडं, जोडीजोडीनं. उचलणाऱ्याला म्हणायचे जेवणारा आणि पोती अडकवणाऱ्याला वाढपी. जेवणाऱ्यानं पुरे म्हटलं की वाढप्यानं हात मागं घ्यायचा, मग जेवणाऱ्यानं तेवढं वजन घेऊन एक पुरी बैठक मारायची. वजन खाली पडलं तर तो बाद. वस्ताद रोज बजावायचे, "जेवनेवाला पुरे बोल्या तो पुरे. वाढप्याका हात वहींच रुकना. वो अल्लाका हुकूम समझो." मी आणि नरसू एकमेकांचे वाढपी. वर्षभर. त्यानं पुरे म्हटल्यावर माझा हात कधी पुढं गेला नाही, आणि त्याचा तर नाहीच.

मग संक्रांत जवळ आली. गड्ड्याच्या जत्रेत तालमी तालमींची वजनं व्हायची, एका तालमीचा एकच गडी. जिंकेल त्याला फेटा बांधून वाजतगाजत गल्लीत आणायचे. मला तो फेटा दिसायचा! डोळे मिटले की दिसायचा. आमच्याच दुकानासमोरून मिरवणूक चाललीय, गादीवरून अप्पा उठून उभे राहिलेत, आणि त्या पोरांना मान वर करून माझ्याकडं बघावं लागतंय. वस्ताद म्हणाले, दोघांची सकाळी परीक्षा घेतो. आणि माझ्या पाठीवर थाप मारून पुढं म्हणाले, "बराबर निकले तो नरसू जाएगा. आधे बदन का है, उसका वजन दुगना गिनना पडता."

मी आधी घेतलं. नरसू वाढपी. चार जोड्यांवर मी पुरे म्हणालो. त्यानं लगेच हात मागं घेतला, वर माझ्या घामानं भिजलेल्या कमरेचा पट्टा नीट केला. बैठक मारली, वर आलो. चार जोड्या. मला पाचवी पेलली नसती, हे मला माहीत होतं.

मग नरसू दांड्याखाली गेला. मी वाढपी. एक जोडी, दोन, तीन. त्याच्या मांड्या दिसत होत्या, मागाच्या खड्ड्यात बसलेल्या असायच्या तशा निवांत. चौथी जोडी अडकवली तेव्हा त्याच्या मानेची शीर टरारली. एवढ्यात गिरणीचा भोंगा सुरू झाला. भोंग्यात तो म्हणाला,

"चालु."

मला ऐकू आलं. लोकहो, मला ऐकू आलं. आता त्यानं बैठक मारली की बरोबरी, आणि बरोबरी झाली की फेटा त्याचा. माझ्या पायापाशी पाचव्या जोडीची पोती होती. मी उजवं उचललं. त्या तागाचा वास नाकात गेला. नरसूनं मान न हलवता डोळे माझ्याकडं वळवले. वजनाखाली माणसाला दुसऱ्याची भाषा आठवत नाही, आईचीच येते. तो ओरडला, "चालु रा!"

पुरे रे. तेलुगूत एवढाच अर्थ. पण पलीकडं हौद्याच्या काठावर एका पोराचा खांदा चोळत बसलेल्या वस्तादांनी काय ऐकलं? 'चालू राहा.' ते खूश होऊन ओरडले, "शाब्बास रे मेरे शेर!" आणि मी पाचवं पोतं उजव्या टोकाला अडकवलं.

डावीकडचं माझ्या हातात राहिलं. दांडा उजवीकडं झुकला, नरसूनं गुडघा वाकवून तोल धरायला बघितलं, आणि आवाज झाला. वाळलेली तुरीची काटकी मोडते तसा. मोठा नव्हता. भोंग्यातसुद्धा ऐकू आला म्हणजे बघा. मग पोती धपाधप मातीत पडली, धप, धप, अगदी अव्वाच्या उखळासारखी.

राजय्याकाका माग सोडून धावत आले, हाताला खळ तशीच लागलेली. कुंभारीहून हाडवैद्याला आणायला माणूस गेला. वस्तादांचा चेहरा मातीसारखा झाला होता. ते मला म्हणाले, "तू रुक्या क्यूं नै रे?"

"त्यो चालू म्हन्ला वस्ताद," मी म्हणालो. "तुमीबी ऐकलं की."

"हौ," ते हळूच म्हणाले, "मैंबी सुन्या."

राजय्याकाकांनी मान वर केली. मी त्यांच्याकडं बघून, कुणी विचारलं नसताना, आणखी म्हणालो, "मला तुमची भाषा कुटं येती, काका?"

ते माझ्याकडं बघत राहिले. नाकातून आमटी येईपर्यंत हसलेला माणूस. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. वाकले, पोराला खांद्यावर घेतलं आणि निघून गेले.

गड्ड्यावर मी गेलो. हो, गेलो! चार जोड्यांवर जिंकलो, फेटा बांधला, हलगी वाजली, अप्पा गादीवरून उठले. सगळं डोळे मिटून पाहिलं होतं तस्संच झालं. फक्त हलगी थांबली की मला दोन शब्द ऐकू यायचे. त्यानंतर मी दांडा खांद्यावर घेतला नाही. अंगावर मांस परत कधी चढलं नाही, अन्नच जात नाही. आजही सून वाढते आणि मी नुसता ताटावर आडवा हात धरतो. ती म्हणते, "मामंजी, तोंडानं सांगा की." मी सांगत नाही. तिला वाटतं, म्हातारा हट्टी आहे.

नरसूचा गुडघा पुन्हा वाकला नाही. खड्ड्यात पाय सोडता येईना, उजवी पावडी दाबता येईना. साळ्याच्या पोराचे पायच गेले म्हणजे काय राहिलं? मी त्या गल्लीतून जायचं टाळत होतो, पण जत्रेनंतर महिन्यानं राजय्याकाका दुकानात आले आणि एवढंच म्हणाले, "अम्मा जेवायला बोलीवलीया." गेलो. न जाऊन कसं चालेल! दुपारची वेळ. त्या घराच्या दारात मी पहिल्यांदाच खटक-खट न ऐकता उभा राहिलो. आत नरसू पाय लांब करून बसला होता आणि रहाटावर कांड्या भरत होता, घरातल्या बायका, लहान पोरी भरतात तशा. मला बघून म्हणाला, "लई वाळलास की बे." रागावलेला दिसला नाही. चिडला असता, शिवी दिली असती, तर मी त्याच्या पाया पडलो असतो, त्या तयारीनंच आलो होतो.

अम्मानं ताट मांडलं. पितळी वाटी दाबून भरली आणि पालथी घातली. एक. वर आमटी. मी मान खाली घालून बसलो. दुसरी. ती थांबली, माझ्याकडं बघितलं. मी पुरे म्हटलं की ती थांबणार, हे मला माहीत होतं आणि तिलाही. एक शब्द. पण तो तोंडातून काढला असता तर सगळंच कबूल केल्यासारखं झालं असतं की मला हा शब्द येतो आणि त्या सकाळीही येत होता. आणि मला तेच कबूल करायचं होतं, त्याच्यासाठीच आलो होतो. तिसरी वाटी. चौथी. ताटात भाताचा ढीग झाला, शितं जमिनीवर ओघळायला लागली. अम्मानं पाचवी वाटी भरून हातात धरली आणि नरसूकडं बघितलं.

नरसूनं रहाटाचं चाक हातानं थांबवलं. आईशी तो मराठीत कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"वाढ की अम्मा," तो म्हणाला. "त्याला आपली भाषा कुटं येती?"

तिनं वाटी पालथी घातली. मी ते सगळं खाल्लं. जमिनीवर पडलेली शितंसुद्धा वेचून खाल्ली. ताट रिकामं झालं तेव्हा नरसूनं रहाट परत फिरवायला घेतला.